पासो रोबल्स: द्राक्षमळ्यांच्या गावात आरव्ही रिसॉर्टचा मुक्काम

कॅलिफोर्नियातल्या वाइनसाठी प्रसिद्ध नापा खोऱ्यात आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, लावून ऐषारामात राहण्याचे पर्याय मोजकेच आहेत. त्याच राज्यातल्या पासो रोबल्सला मात्र ते भरपूर आहेत, आणि गावही सोयीचं: सॅन होजेहून हायवे १०१ ने साधारण १५५ मैल, लॉस एंजेलिसहून दोनशेच्या थोडं वर. गावाच्या पूर्वेला हायवे ४६ लगत, गोल्डन हिल रोड आणि एअरपोर्ट रोडच्या बाजूला मोठी रिसॉर्ट्स आहेत. मधल्या काळात काहींची नावं बदलली, त्यामुळे बुकिंग करताना नावापेक्षा पत्ता ताडून पाहा.

एक गोष्ट आधीच ठरवून निघा. इथे आरव्ही हे फिरायचं वाहन नाही, ते घर आहे. एकदा साइटवर लावलं की निघायच्या दिवसापर्यंत हलवायचं नाही. भाड्याच्या आरव्हीच्या मागोमाग कुणीतरी घरची गाडी चालवत आणा, नाहीतर गावात गाडी भाड्याने घ्या. तीस फुटी आरव्ही घेऊन वायनरी पाहायच्या बेताने येणारे दुसऱ्याच दिवशी वैतागतात. कारण पुढे येईलच.

बुकिंगला काय पाहायचं? मे महिन्यातला वाइन महोत्सव, जुलै अखेरची मिड-स्टेट फेअर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा तोडणीचा हंगाम या काळात जागा महिनोन्‌महिने आधी जातात आणि दरही चढतात. शनिवार-रविवारी चांगल्या साइटला रात्रीचे शंभर डॉलर किंवा त्याहून जास्त धरून चला. पहिल्यांदाच आरव्ही चालवत असाल तर चार पैसे जास्त देऊन पुल-थ्रू साइट घ्या, म्हणजे रिव्हर्स घ्यावी लागत नाही. स्वतःची जुनी आरव्ही असेल तर आधी फोन करा. महागड्या रिसॉर्ट्सपैकी काहींना दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी चालत नाही, किंवा ते फोटो मागतात. लायसन्सची चिंता नको: कॅलिफोर्नियात चाळीस फुटांपर्यंतची मोटरहोम नेहमीच्या क्लास सी लायसन्सवर चालते.

साइटवर पोहोचल्यावर घाईने स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकून खोली मोठी करणारा गाडीचा भाग, उघडू नका. आधी गाडी लेव्हल करा. काँक्रीटची साइट असली तरी पाणी वाहून जावं म्हणून तिला थोडा उतार ठेवलेला असतो. जुन्या पद्धतीचा, गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा फ्रिज तिरक्या गाडीत नीट थंड करत नाही आणि तसाच बरेच दिवस चालवला तर कायमचा बिघडतो. लेव्हल झाल्यावर खाली उतरून बाजूचा खांब, झाड आणि पाण्याचा नळ बघा, मगच स्लाइड-आउट बाहेर काढा.

पाण्याच्या नळाला आधी दाब कमी करणारा प्रेशर रेग्युलेटर, मग पांढरा पिण्याच्या पाण्याचा होस (नळी). नळाचा दाब कधीकधी ८० पीएसआयच्या वर असतो आणि आरव्हीतल्या प्लास्टिकच्या जोडांना ४० ते ५० पुरे. भाड्याच्या गाडीच्या किटमध्ये रेग्युलेटर बहुधा नसतो. दहा-पंधरा डॉलरचा स्वतःचा घेऊन जा.

आता विजेचं. आपली मंडळी सगळ्यात जास्त इथेच अडकतात. पासो रोबल्सला उन्हाळ्यात दुपारी १०० अंश फॅरनहाइट ही नवलाची गोष्ट नाही, म्हणजे एसी बंद ठेवता येत नाही. भाड्याच्या बहुतेक क्लास सी गाड्या (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या मध्यम आकाराच्या आरव्ही; लायसन्सच्या क्लास सीशी याचा संबंध नाही) ३० अँपच्या असतात: १२० व्होल्टला एकूण ३,६०० वॅट. छतावरचा एक एसी १३ ते १५ अँप घेतो, मायक्रोवेव्ह साधारण १२, विजेवरचा गीझर आणखी १२. इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर १५ अँप. एसी चालू असताना इंडक्शनवर कुकर लावला आणि कुणी अंघोळीचं पाणी तापत ठेवलं, की ब्रेकर पडलाच म्हणून समजा. उपाय साधा आहे: गीझर गॅसवर चालवा, स्वयंपाकही गॅसच्या शेगडीवर करा, वीज एसीसाठी राखून ठेवा. ५० अँपच्या गाडीला दोन लाइन मिळून १२,००० वॅट मिळतात, तिथे ही कसरत लागत नाही. मात्र ३० अँपच्या गाडीला अडॅप्टरने ५० अँपच्या सॉकेटला जोडलं तरी वीज वाढत नाही, गाडीचा स्वतःचा ब्रेकर ३० चाच राहतो. रिसॉर्ट भरलेलं असेल तर उन्हात व्होल्टेज उतरतं. ते १०५ च्या खाली गेलं तर एसीचा कंप्रेसर दमतो. व्होल्टेज दाखवणारा आणि कमी पडल्यास वीज तोडणारा सर्ज प्रोटेक्टर असेल तर उत्तम.

फोडणी देण्याआधी छताचा पंखा सुरू करा. आरव्हीत स्मोक अलार्म शेगडीपासून हाताच्या अंतरावर असतो आणि मोहरी तडतडली की तोही बोंबलतो.

सांडपाण्याच्या बाबतीत चूक बहुतेक एकच होते. साइटवरच गटाराची जोडणी आहे म्हणून लोक ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. मग द्रव वाहून जातो, घट्ट मैला तळाशी साचून वाळतो आणि शेवटी टँक रिकामा होतच नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवा, टँक निदान दोन-तृतीयांश भरला की सोडा. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे भांड्या-अंघोळीच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. त्यासाठी टँक सोडायच्या आदल्या दिवशी ग्रेचाही व्हॉल्व्ह बंद ठेवावा लागतो. नंतर ब्लॅक टँकमध्ये चार-पाच गॅलन पाणी आणि औषध टाका. सिंकमध्ये वरणाचा गाळ, तेल, चहाचा चोथा अजिबात नको. बारीक जाळी लावा आणि तेलकट भांडी आधी पेपर टॉवेलने पुसा. नाहीतर ग्रे टँकचा वास ब्लॅकला लाजवतो.

दुपारनंतर टेम्पलटन गॅप नावाच्या डोंगरातल्या खिंडींतून समुद्राकडचा वारा आत येतो. याच वाऱ्यामुळे दिवसाचे शंभर अंश रात्री पन्नाशीवर येतात आणि इथल्या द्राक्षात गोडीबरोबर आंबटपणा टिकतो. हाच वारा ऑनिंगही, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्परही, फाडतो. साइट सोडून जाताना, अगदी पोहायला जातानासुद्धा, ऑनिंग गुंडाळून जा. उन्हाळ्यातही रात्रीसाठी स्वेटर हवाच.

वायनरींपैकी एबर्ली आणि जे. लोर या दोन हायवे ४६ च्या पूर्व बाजूला, रिसॉर्टपासून अगदी जवळ. एबर्लीच्या जमिनीखालच्या गुहा पाहण्यासारख्या आहेत. खरी मजा पश्चिमेला, अ‍ॅडिलेडा आणि व्हिनयार्ड ड्राइव्हच्या चुनखडीच्या टेकड्यांवर. पोलंडचा पियानोवादक आणि पुढे पंतप्रधान झालेला पादरेव्हस्की याने याच भागात जमीन घेऊन झिनफँडेल ही काळी द्राक्षं लावली होती. फ्रान्सच्या शातो द बोकास्तेल या वायनरीचे पेराँ कुटुंब आणि अमेरिकेचे रॉबर्ट हास यांनी १९८९ मध्ये टाब्लास क्रीक ही वायनरी इथेच उभारली. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातल्या द्राक्षांच्या जाती चाखायच्या तर आधी तिथे जा. या बाजूचे रस्ते अरुंद, वळणांचे आणि ओकच्या खाली झुकलेल्या फांद्यांचे आहेत. क्लास सीची उंची अकरा-बारा फूट, आणि फांदीने फुटलेल्या छतावरच्या एसीचा खर्च तुमच्या डिपॉझिटमधून जातो. उबर गावात मिळते, पण टेकड्यांवरून परतताना मिळेलच असं नाही. त्यामुळे न पिणारा चालक ठरवा, नाहीतर दिवसभराची टूर व्हॅन घ्या. बऱ्याच ठिकाणी टेस्टिंगची वेळ आधी घ्यावी लागते. एका दिवसात तीनपेक्षा जास्त ठिकाणं घेऊ नका, चौथ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही. मुलं बरोबर असतील तर वायनरीत चालतात का ते आधी विचारा. संध्याकाळसाठी टिन सिटी बरी: पत्र्याच्या शेडांमध्ये छोटे उत्पादक ओळीने आहेत आणि चालत फिरता येतं.

नाशिककडच्या वाचकांना इथला हंगाम उलटा वाटेल. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, मग ऑक्टोबरची छाटणी, आणि माल जानेवारीपासून. इथे वेल हिवाळ्यात झोपतो, छाटणी एकदाच होते आणि तोडणी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत चालते. जानेवारीत आलात तर नुसते खुंट दिसतील. पण टेस्टिंग रूम रिकाम्या असतात आणि वाइन ओतणाऱ्याला बोलायला वेळ असतो. फक्त रात्री पारा गोठणबिंदूखाली जाणार असेल तर होस काढून ठेवा आणि गाडीच्या टाकीतलं पाणी वापरा.

घेतलेल्या बाटल्या बाहेरच्या सामानाच्या कप्प्यात ठेवू नका, उन्हात तिथे भट्टी होते आणि बूच वर सरकतं. थर्माकोलच्या खोक्यात, गाडीच्या आत, जमिनीवर ठेवा. उघडलेली बाटली चालकाजवळ कधीच नको.

निघायच्या दिवशी टँक साइटवरच रिकामे करा; भरलेले परत दिले तर भाड्याची कंपनी दंड लावते. जेवढे मैल भाड्यात धरलेले असतात तेही आधीच मोजा, सॅन होजेची जाऊन-येऊनच तीनशेच्या वर होतात. साइटवर पूर्ण हुकअप, म्हणजे वीज-पाणी-गटाराची जोडणी, असल्याने जनरेटरचे तास मात्र वाचतात. ऑनिंग, पायरी आणि होस पाहून घेतल्यावर सकाळीच निघा. किंग सिटी ते सलीनास या पट्ट्यात दुपारी मोंटेरे उपसागराकडून जोराचा वारा सुटतो, उत्तरेला जाताना तो समोरून लागतो, आणि गॅलनला आठ-दहा मैल देणारी गाडी त्याहूनही कमी देते.