मावशींची जोडवी

निपाणीत दवाखाना चालवायचा तर पेशंटबरोबर त्याची पिशवीही तपासावी लागते. बीपी माझ्याकडं, साखर बेळगावला, गुडघे कोल्हापूरला आणि मधेच लेकीकडं चार दिवस गेलं की तिथला डॉक्टर वेगळा. एकाचा कागद दुसऱ्याला कुणी दाखवत नाही. त्यात केमिस्ट पट्टी कात्रीनं कापून देतो आणि गोळीचं नाव असलेला तुकडा दुकानातच राहतो. त्या कात्रीवर माझा फार जुना राग आहे.

मागच्या महिन्यात बिड्या वळणाऱ्या एका मावशींना मुलानं रिक्षातून उचलून आणलं. पोटऱ्यांत गोळे, चक्कर. "सूप मांडीवरनं खाली ठेवलं आणि उठाय गेले, तर पायच उचलंनात." वरचं बीपी ९०, जीभ सुकलेली. पाय मात्र सुजलेले. नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलला, तर खळी तशीच. दम नाही, छातीत खरखर नाही, मानेची शीर फुगलेली नाही, लघवीत प्रोटीन नाही. म्हणजे सूज हृदयाची किंवा मूत्रपिंडाची वाटत नव्हती. पायात पाणी आणि अंगात दुष्काळ.

पिशवी टेबलावर उलटी केली. लेकीच्या गावच्या डॉक्टरांची लॅसिक्स ४०, रोज एक. सूज उतरेना म्हणून इथल्याच एकानं दिलेली टॉर्सेमाइड २०, तीही रोज. नावं दोन, पण काम एकच. दोन्ही लघवीच्या गोळ्या मूत्रपिंडाच्या एकाच जागी बसतात आणि पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियमही बाहेर काढतात. ईसीजीत टी वेव्ह चपटी, मागं यू वेव्ह, म्हणजे पोटॅशियम घटल्याची खूण. पोटॅशियम २.४ आलं, ३.५च्या खाली जाऊ नये. मॉनिटर लावून सलाईनमधून सावकाश द्यावं लागणार होतं, म्हणून कोल्हापूरला पाठवलं.

सूज दिसली की लॅसिक्स, ही आम्हा डॉक्टरांची खोडच आहे. पेशंटलाही ती आवडते, कारण तासाभरात लघवीला पळावं लागतं आणि औषध लागू पडल्यासारखं वाटतं. यावर मी कुठल्याही मीटिंगमध्ये अर्धा तास बोललो असतो. पण पिशवीत तिसरी पट्टी होती. अ‍ॅम्लोडिपिन १०. चिठ्ठी माझी.

बीपी आटोक्यात येईना म्हणून तीन महिन्यांपूर्वी मीच ५ची १० केली होती. या गोळीनं बारीक धमन्या सैल होतात, पण पलीकडच्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी घोट्याभोवती झिरपतं. अंगात पाणी जास्त झालेलंच नसतं. ते जागा सोडून बसलेलं असतं. अशा सुजेवर लघवीची गोळी दिली तर घोटा तसाच राहतो आणि रक्तातलं पाणी आटतं. उपाय सोपा होता. गोळी परत ५ करायची, जोडीला टेल्मिसार्टनसारखं शिराही सैल करणारं काहीतरी द्यायचं.

मधल्या काळात त्या माझ्याकडं एकदा येऊन गेल्या होत्या. केसपेपर काढून बघितला. माझं अक्षर : 'बीपी १३०/८०. तेच चालू.' पाय टेबलाखाली होते. त्याच आठवड्यात बोटं सुजली म्हणून त्यांनी सोनाराकडं जाऊन जोडवी कापून घेतली होती, हे मुलानं नंतर सांगितलं.

कोल्हापूरहून आल्यावर विचारलं, "मावशी, मला का नाही सांगितलं?"

"बीपी चांगलं आलं म्हणून तुमी किती खूश झालासा. त्यात पायाचं कुठं सांगत बसू?"

परवा आल्या तेव्हा मी आधी चप्पल काढायला लावली. नडगीवर खळी पडली नाही. त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली. आत कापलेली जोडवी.

"सांधून घालू का आता?"

महिनाभर थांबा म्हटलं.