कालनिर्णयवरचा गोल पुरत नाही

रविवार, रात्री

पाळी आली की कालनिर्णयवर तारखेभोवती पेनाने गोल करायची सवय घराघरांत आहे. मनाचा त्रास पाळीमुळे होतोय का हे ओळखायचं तर तेवढ्याने भागत नाही. वहीत रोज झोपताना आकडे लिहायला हवेत: उदासी, चिडचिड, घालमेल, झोपेचा त्रास, प्रत्येकाला 1 ते 6. 1 म्हणजे काहीच नाही, 6 म्हणजे असह्य. रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला. अशा लागोपाठ दोन पाळ्या. आठवड्याचे आकडे एकदम भरायचे नाहीत; मन खचलेलं असलं की मागचे बरे दिवसही वाईटच आठवतात.

मग आधी पाळी संपल्यानंतरचा आठवडा बघायचा. तिथे आकडे 1-2 वर उतरतात आणि पुढच्या पाळीआधी 5-6 वर चढतात का? तर पीएमडीडीची, म्हणजे पाळीआधी मन तीव्रपणे बिघडवणाऱ्या आजाराची, शंका घ्यावी. तो आठवडाही 4 वरच रेंगाळत असेल, तर नैराश्य किंवा बायपोलर (मन कधी खचतं, कधी अतिच उसळतं असा आजार) महिनाभर असू शकतो आणि पाळी त्यात भर घालत असेल.

हा फरक चुकला की औषध चुकतं. पीएमडीडीत एसएसआरआय गटाच्या, म्हणजे नैराश्यावरच्या, गोळ्या काहींना पाळीआधीचे 14 दिवस घेऊनही पुरतात. महिनाभराच्या नैराश्याला ते पुरत नाही. बायपोलरमध्ये त्याच गोळ्या मूड स्टॅबिलायझरशिवाय (मनाचे चढउतार आवरणाऱ्या औषधाशिवाय) घेतल्या तर उन्माद उसळू शकतो. लॅमोट्रिजिन हे असंच एक मूड स्टॅबिलायझर चालू असताना इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी सुरू केली, तर लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी निम्म्यावर येऊ शकते. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांपासून मनाच्या गोळ्या लपवू नयेत, कृपा करून.

'हार्मोन्स बिघडलेत' असं सर्रास म्हटलं जातं. पीएमडीडीत हार्मोन्सचे रिपोर्ट बहुधा नॉर्मलच येतात. त्यांच्या नेहमीच्या चढउतारालाच मेंदू जास्त संवेदनशील असतो. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्रास खराच असतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्यावं.

जीव नकोसा वाटत असेल तर दोन पाळ्या थांबायचं नाही. त्याच दिवशी घरात सांगायचं, डॉक्टरांना गाठायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. वहीत त्या दिवसापुढे फुली मारायची, आणि पुढच्या महिन्यात ते दिवस जवळ आले की घरात कोणीतरी सोबतीला राहील असं आधीच ठरवायचं.