शस्त्रक्रियेचा निर्णय अजून व्हायचा आहे

दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला उचलायचे, कोपरे काटकोनात वाकवून तळवे समोर करायचे आणि तीन मिनिटे मुठी सावकाश उघडत-मिटत राहायच्या, एवढीच ती तपासणी होती. डावा हात शेवटपर्यंत निमूटपणे काम करत राहिला. उजव्या हाताच्या करंगळीत आणि अनामिकेत मात्र अर्ध्या मिनिटातच मुंग्या आल्या, मग कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग शिसे भरल्यासारखा जड झाला आणि सत्तराव्या सेकंदाला हात माझे न ऐकता खाली आला. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहून कागदावर काही लिहिले आणि म्हणाले, "थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमची शक्यता मला बरीच वाटते. आधी काही महिने फिजिओथेरपी करू. तेवढ्याने भागले नाही, तर पहिली बरगडी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल." घरी पोहोचेपर्यंत यातली पहिली दोन वाक्ये माझ्या डोक्यातून पुसली गेली होती. उरले होते फक्त तिसरे.

त्याला आता आठ महिने होतील. हे लिहितानाही दर वीस मिनिटांनी हात टेबलावरून उतरवून मांडीवर ठेवावा लागतो. या आठ महिन्यांत दुखण्याने माझे जेवढे घेतले, त्याहून अधिक भीतीने घेतले, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आणि दुखण्यावर बोलणारे पुष्कळ भेटले, तरी भीतीविषयी कुणी फारसे बोलले नाही, म्हणून हा लेख.

मान आणि खांदा यांच्यामधल्या खळग्यात, कॉलरबोनच्या मागे आणि पहिल्या बरगडीच्या वर एक अरुंद वाट आहे. हाताला संवेदना आणि ताकद पुरवणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, आणि त्याच्याबरोबर हाताची मुख्य धमनी व शीर याच वाटेने खाली उतरतात. मानेच्या मणक्यांपासून निघून बरगडीला येऊन मिळणारे स्केलीन स्नायू या वाटेच्या जणू भिंती आहेत. ते आखडले, जाड झाले, किंवा काहींना जन्मतःच मानेपाशी एक जादा बरगडी असली, की आतल्या गोष्टींवर दाब येतो. मज्जातंतूंवर दाब असलेला प्रकार सर्वांत जास्त आढळतो, दहांतल्या नऊहून अधिक रुग्ण त्यातलेच असतात. शिरेवर दाब असणारे थोडे आणि धमनीवर असणारे त्याहून कमी. माझा आजार पहिल्या प्रकारातला आहे. दवाखान्यातल्या सांगाड्याच्या कॉलरबोनखाली डॉक्टरांनी मला स्वतःचे बोट घालून पाहायला सांगितले. बोट जेमतेम आत गेले. इतकी चिंचोळी जागा शरीरात असते आणि आयुष्यभर तिची आठवणही होत नाही, याचे मला त्या क्षणी नवल वाटले आणि त्याच रात्री त्याची धास्तीही वाटली.

या आजाराचे निदान करणारी एकच एक अशी ठाम तपासणी नाही, आणि चिंता करणाऱ्या माणसासाठी हीच सर्वांत अवघड गोष्ट आहे. मानेच्या मणक्यातली सरकलेली चकती, मनगटात दबलेली नस, कोपरात दबलेली नस, खांद्याच्या स्नायूंची दुखापत अशी एकेक शक्यता बाजूला काढत डॉक्टर इथवर येतात. माझा मानेचा एमआरआय ठीक आला. एक्स-रेमध्ये जादा बरगडी दिसली नाही. नसांच्या तपासण्याही नॉर्मल आल्या आणि या प्रकारात त्या बरेचदा नॉर्मलच येतात, हे मला नंतर कळले. रिपोर्ट नॉर्मल आला की घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकत आणि मी मात्र न्हाणीघरात जाऊन रडत असे. हात तर दुखतो आहे, रात्री कुशीवर वळले की बोटे बधिर होऊन जाग येते आहे, आणि कागद म्हणतो आहे की काहीच झालेले नाही. मग हे सगळे माझ्या मनाचे खेळ तर नाहीत ना, ही शंका मला शस्त्रक्रियेच्या भीतीइतकीच आतून कुरतडत होती. यातून जाणाऱ्या कुणाला एवढेच सांगावेसे वाटते की नॉर्मल रिपोर्ट दुखणे खोटे ठरवत नाही. तो फक्त इतर काही आजार वगळतो.

रात्रीची जाग आली की मी फोन उचलत असे. स्टीफन स्ट्रासबर्ग या अमेरिकन बेसबॉलपटूवर 2021 मध्ये याच आजारासाठी शस्त्रक्रिया झाली, त्यानंतरच्या वर्षी तो फक्त एकच सामना खेळू शकला आणि 2024 मध्ये निवृत्त झाला, हे मी किती वेळा वाचले असेल, याची गणती नाही. मार्केल फुल्ट्झ या बास्केटबॉलपटूला 2018 मध्ये हेच निदान झाले आणि तो शस्त्रक्रियेशिवाय, फिजिओथेरपीवर पुन्हा मैदानात उतरला, हेही तिथेच लिहिलेले होते. ते मी एकदा वाचून सोडून दिले. भीतीला हवे तेच ती वेचून घेते. शिवाय ज्याच्या हाताला पूर्ण ताकदीनिशी चेंडू फेकायचा आहे, त्याच्या हाताशी माझ्या हाताची तुलनाच होऊ शकत नाही. मला भांडी वरच्या फळीवर ठेवायची आहेत, वेणी घालायची आहे, संगणकावर काम करायचे आहे. हा साधा फरक दिवसाउजेडी सहज दिसतो, मध्यरात्री मात्र दिसत नाही. म्हणून फोन आता दुसऱ्या खोलीत असतो.

वाचनातून हाती लागलेली एक गोष्ट मात्र मला खरोखर आधार देऊन गेली. या आजाराला त्याचे आजचे नाव 1956 मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या एका लेखात मिळाले आणि त्या लेखाचा विषय होता व्यायामोपचाराचे मूल्यमापन. काखेतून पहिली बरगडी काढण्याची पद्धत डेव्हिड रूस यांनी मांडली ती 1966 मध्ये, म्हणजे दहा वर्षांनंतर. मुठी उघडण्या-मिटण्याची ती तीन मिनिटांची तपासणीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. फिजिओथेरपी म्हणजे शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्याचा बहाणा, असे मी मनात धरून बसले होते. आजाराला नाव मिळाले त्याच दिवसापासून व्यायाम हा त्याचा उपचार आहे, हे कळल्यावर मी ते व्यायाम मन लावून करू लागले.

माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट विचारली: "घरी दिवसातून किती वेळा हात वर करून पाहता?" मला लाज वाटली, कारण खरा आकडा वीसच्या पुढे होता. आरशासमोर उभी राहून मी हात वर करत असे, मान वळवत असे, मनगटावर बोटे ठेवून नाडी गायब होते का ते पाहत असे. नाडी जायची आणि माझे पाय गळायचे. त्यांनी शांतपणे सांगितले की त्या स्थितीत पुष्कळ निरोगी माणसांचीही नाडी मंदावते किंवा लागत नाही, त्यामुळे नुसत्या तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि आधीच चिडलेल्या मज्जातंतूंना मी दिवसातून वीस वेळा डिवचत होते, हे वेगळेच. तपासणी फक्त त्यांच्यासमोर, महिन्यातून एकदा, असे ठरले. पहिले चार-पाच दिवस हात वर करून पाहण्याची ऊर्मी आवरताना मला घाम फुटत असे, पण नंतर ती ओसरू लागली.

दुसरी गोष्ट श्वासाची. त्यांनी माझी दोन बोटे कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात ठेवायला लावली आणि नेहमीसारखा श्वास घ्यायला सांगितला. प्रत्येक श्वासाच्या सुरुवातीला बोटांखाली एक दोरी ताठ होत होती. तो स्केलीन स्नायू. श्वास आत घेताना वरच्या बरगड्या उचलणे हे त्याचे कामच आहे, पण शांत श्वासात खरा भार छातीच्या तळाशी असलेल्या पडद्याने वाहायचा असतो. माणूस घाबरला की श्वास वर, छातीच्या माथ्याशी येतो, खांदे कानांकडे सरकतात, आणि हे स्नायू जादा काम करू लागतात. मिनिटाला 15 श्वास धरले तर दिवसाचे 21,600 होतात. म्हणजे शस्त्रक्रियेच्या भीतीने मी जो श्वास घेत होते, तोच श्वास ती अरुंद वाट आणखी आवळत होता. हे समजले तेव्हा आधी मला स्वतःचाच राग आला, माझ्या घाबरण्यानेच हे वाढले असे वाटले. पण बाई म्हणाल्या की घाबरणे हा काही गुन्हा नाही, आणि भीतीमुळे आजार झालेला नाही, ती फक्त त्यात भर घालते आहे. तेव्हापासून सकाळी उठण्याआधी आणि रात्री झोपण्याआधी दहा-दहा मिनिटे मी पाठीवर पडून, एक हात पोटावर ठेवून, पोट वर येईल असा सावकाश श्वास घेते आणि दुसऱ्या हाताची बोटे त्या खळग्यात ठेवते. दोरी सैल राहिली की मला कळते. मन शांत कर असे मला कुणी हजार वेळा सांगितले असते तरी ते जमले नसते, पण बोटांखालची दोरी सैल ठेवणे जमते.

डॉक्टरांनी आणखी एक मोठी मदत केली, ती म्हणजे भीतीला हद्द आखून दिली. हात अचानक सुजला, निळसर-जांभळा पडला, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. बोटे पांढरी, थंडगार पडून दुखू लागली, तर धमनीचा रक्तप्रवाह अडला असू शकतो. अशा वेळी दिवस-रात्र न बघता तडक रुग्णालय गाठायचे. पकड सुटू लागली किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बारीक दिसू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवायचे. मुंग्या, जडपणा, कमी-जास्त होणारे दुखणे यांसाठी मात्र थांबता येते. ही वाक्ये मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत. पूर्वी प्रत्येक मुंगी मला संकट वाटत असे. आता मी ते पान वाचते, त्यातले काही नाही हे पाहते आणि वही मिटते.

घरच्यांविषयी थोडेच लिहिते. आई म्हणते, "अगं, दिसायला तर तू ठणठणीत आहेस," आणि तिचा हेतू धीर देण्याचाच असतो. धाकट्या बहिणीने एकदा काही न बोलता माझ्या केसांतून कंगवा फिरवून वेणी घालून दिली. त्या दिवशी मला सर्वांत जास्त समजून घेतल्यासारखे वाटले.

सहा महिन्यांनी दुखणे कमी झाले होते, पण गेले नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी सोनोग्राफीत पाहत पुढच्या स्केलीन स्नायूत बधिर करणारे इंजेक्शन दिले. स्नायू काही काळ सैल पडल्यावर हात बरा वाटला, तर निदानाला बळ मिळते आणि शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याची शक्यता वाढते, असा त्यामागचा हिशेब. अर्ध्या तासाने मी हात वर केला आणि तो वर राहिला. मी आरशासमोर बसून स्वतःची वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. हात इतका हलका असतो हे मी विसरूनच गेले होते. संध्याकाळी औषधाचा असर उतरला, जडपणा परत आला, आणि त्याच्या मागोमाग एक विचित्र भीती आली: हात बरा होऊ शकतो हे सिद्ध झाले होते, आणि म्हणूनच शस्त्रक्रिया एक पाऊल जवळ आली होती. इतकी आनंदाची बातमी मला त्या रात्री झोपू देईना.

पुढच्या भेटीत मी शल्यविशारदांना स्पष्टच सांगितले की मला भीती वाटते आणि मला सगळे ऐकायचे आहे. त्यांनी काही लपवले नाही. बरगडी फुप्फुसाच्या आवरणाला लागून असते, त्यामुळे तिथे हवा शिरून काही दिवस नळी ठेवावी लागू शकते. रक्तस्राव होऊ शकतो. मज्जातंतूला इजा होऊ शकते, अगदी श्वासाच्या पडद्याकडे जाणाऱ्या नसेलाही. काखेतून शस्त्रक्रिया केली तर दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहू शकतो. आणि सगळे नीट होऊनही काहींचे दुखणे पूर्ण जात नाही किंवा पुढे परत येते. हे ऐकताना माझे तळहात ओले झाले होते, पण उठताना मी जाताना होते त्यापेक्षा स्थिर होते. रात्री मनात जे धूसर, अवाढव्य असे उभे राहत असे, त्याला आता नावे होती आणि त्यांतल्या प्रत्येकावर काय करता येते याची उत्तरेही होती. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या प्रकारात घाई नाही. तुम्ही आणखी तीन महिने व्यायाम करून पाहा. हात काय सांगतो ते बघू, मग दोघे मिळून ठरवू." 'दोघे मिळून' हे दोन शब्द मी या वेळी घरी घेऊन आले.

पुढची तारीख तीन आठवड्यांवर आहे. गेल्या तपासणीत उजवा हात दोन मिनिटे दहा सेकंद वर राहिला. वहीत अकरा प्रश्न लिहून झाले आहेत: तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, काखेतून करणार की कॉलरबोनच्या वरून, नंतर फिजिओथेरपी केव्हा सुरू होईल, संगणकावर काम किती आठवड्यांनी करता येईल, असे. उत्तरे लिहून घ्यायला बहीण बरोबर येणार आहे, कारण मागच्या खेपेला माझ्या हातातले पेन निम्म्यातच गळून पडले होते.