हिमोग्लोबिनच्या गल्लीत भेटणारी जनुकं

आळसाचं जीन सापडलं, रागाचं जीन सापडलं, अशी बातमी दिसली की मला जाम वैताग येतो. वाचणाऱ्याला वाटतं प्रत्येक गुणाला एकेक जनुक वाटून दिलंय, विषय संपला. अहो, माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं आहेतच मुळी 20 हजारांच्या आसपास, त्यात काय काय बसवणार? आणि त्यातली कितीतरी जनुकं दिसेल असं काहीच करत नाहीत, ती फक्त दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करत बसतात.

जनुकांचे प्रकार म्हणून पुस्तकात मोठी यादी असते, पाठ करा आणि विसरा. मला त्यापेक्षा एकच जागा दाखवायचीय. आपल्या 11 नंबरच्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या जनुकांची एक छोटीशी गल्ली आहे, आपल्या डीएनएत साधारण 300 कोटी अक्षरं, त्यातली इथे जेमतेम 50 हजारांच्या आसपास, पण बहुतेक सगळे नमुने या एका गल्लीत नाहीतर तिच्या निमित्ताने भेटतात.

गल्लीत ओळीने उभे कोण तर एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. मजा म्हणजे ज्या क्रमाने उभे आहेत त्याच क्रमाने आयुष्यात त्यांची पाळी येते. गर्भ अगदी काही आठवड्यांचा असताना एप्सिलॉन चालतं, नंतर जन्मापर्यंत गॅमा, आणि जन्मानंतर हळूहळू गॅमा मागे पडून बीटा सगळं काम हातात घेतं. हे उगाच नाही, गॅमावालं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरतं म्हणून बाळाला आईच्या रक्तातून तो ओढून घेता येतो. (हिमोग्लोबिनचा दुसरा अर्धा भाग, अल्फा, तो 16 नंबरच्या गुणसूत्रावर बनतो, त्याची वेगळी स्टोरी.) ही झाली ठरावीक पेशीत ठरावीक वेळीच चालणारी जनुकं. तुमच्या डोळ्याच्या किंवा यकृताच्या पेशीतपण बीटा ग्लोबिनचं (ग्लोबिन म्हणजे हिमोग्लोबिनमधलं प्रथिन) जनुक आहेच की, फक्त कायमचं बंद.

याच्या उलट हाउसकीपिंग जनुकं, सगळीकडे कायम चालू. ग्लुकोज फोडणारं गॅपडीएच, पेशीचा सांगाडा बनवणारं ॲक्टिन वगैरे. ती थांबली तर पेशीच जगणार नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल बातम्या येत नाहीत, लॅबवाले बिचारे इतर जनुकांची मोजमापं जुळवायला त्यांचा रेफरन्स म्हणून वापर करतात एवढंच.

परत गल्लीत येऊ. डेल्टा हे तसं नावापुरतं चालतं, मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये त्याचा वाटा 2-3 टक्के. कामाच्या मानाने फुकटच, पण बीटा थॅलेसेमिया, म्हणजे बीटा कमी बनल्याने होणारा आनुवंशिक रक्ताचा आजार, त्याचा कॅरियर ओळखायची रक्ततपासणी याच्यावर चालते, कारण बीटाची एक प्रत बिघडलेली असली की डेल्टावाल्याचं, म्हणजे एचबीए2 चं, प्रमाण जरासं वाढलेलं दिसतं. आणि गॅमा-डेल्टाच्या मध्ये एक असंही आहे जे दिसतं ग्लोबिनच्या जनुकासारखंच पण त्यात इतके बिघाड साठलेत की प्रथिन बनतच नाही. याला स्यूडोजीन म्हणतात. असे हजारो आहेत आपल्यात, सगळ्यात फेमस म्हणजे व्हिटॅमिन सी बनवायचं जनुक, बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये ते धडधाकट आहे, आपल्यात आणि माकडांच्या बऱ्याच जातींत मोडलेलं, म्हणून आपल्याला सी खाण्यातून घ्यावं लागतं.

आता खरा प्रश्न, गॅमा बंद कर असं सांगतं कोण? त्याचं उत्तर गल्लीत नाहीच, ते बसलंय 2 नंबरच्या गुणसूत्रावर, नाव बीसीएल11ए. हे रेग्युलेटर जनुक, म्हणजे त्याच्यापासून बनणारं प्रथिन दुसऱ्या जनुकांच्या डीएनएवर जाऊन बसतं आणि त्यांना चालू देत नाही. एक जनुक दुसऱ्याला असं बंद ठेवतं ही कल्पना जेकब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1961 मध्ये जिवाणूंच्या अभ्यासातून नीट मांडली, 1965 चं नोबेल त्यांना मिळालं. मला विचाराल तर जनुकांमधली सगळ्यात इंटरेस्टिंग जात हीच.

कारण बघा, सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजारात बिघाड असतो बीटामध्ये, एकच अक्षर बदललेलं, त्याने प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. पण बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही, का, तर गॅमा अजून चालू असतं! मग लोकांनी विचार केला की बिघडलेलं बीटा दुरुस्त करत बसण्यापेक्षा गॅमाच पुन्हा चालू करू. 2023 च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली कॅसजेव्ही ही क्रिस्परवाली (क्रिस्पर म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापायचं तंत्र) ट्रीटमेंट नेमकं हेच करते, पेशंटच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून बीसीएल11ए ढिलं करायचं. म्हणजे आजार एका जनुकात, इलाज दुसऱ्याच जनुकात, आणि कामाला येतं तिसरंच.

पण बीसीएल11ए पूर्ण तोडत नाहीत हं. ते मेंदूच्या वाढीत लागतं, रोगांशी लढणाऱ्या बी पेशी बनायला लागतं. म्हणून ते जनुक तसंच ठेवून, त्याला फक्त तांबड्या पेशी बनताना जोर देणारा जो डीएनएचा छोटा तुकडा आहे, एन्हान्सर, तो कापतात. एन्हान्सर स्वतः जनुक नाही, पण जनुक कुठे किती चालणार हे त्याच्या हातात. आणि अजून एक, बीसीएल म्हणजे बी पेशींचा लिम्फोमा, एक प्रकारचा कॅन्सर, हे जनुक कॅन्सरच्या संदर्भातच आधी नजरेत आलं होतं. जी जनुकं प्रमाणाबाहेर चालली की कॅन्सरकडे नेतात ती ऑन्कोजीन्स, रास आणि मिक ही नेहमीची नावं. त्यांच्या विरुद्ध बाजूला ट्यूमर सप्रेसर, त्यात टीपी53 सगळ्यात गाजलेलं, डीएनए बिघडला की पेशीची वाढ थांबवायची नाहीतर पेशीला मारून टाकायचं हे त्याचं काम, साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये ते बिघडलेलं सापडतं. आता सांगा बीसीएल11ए कुठल्या खणात टाकायचं, रेग्युलेटर, ऑन्कोजीन की मेंदूचं जनुक? मी तर तिन्हीत टाकतो.

राहिली ती प्रथिन न बनवणारी जनुकं. यांच्यापासून आरएनए बनतो आणि तोच काम करतो. रायबोसोमचा आरएनए, अमिनो आम्लं आणून देणारा टीआरएनए, हे शाळेत असतं. त्याशिवाय मायक्रोआरएनए, जेमतेम 22 अक्षरांचे तुकडे, दुसऱ्या जनुकाचा निरोप प्रथिन बनायच्या आतच दाबून टाकणारे. पहिला 1993 मध्ये एका मिलिमीटरभर कृमीत सापडला आणि बऱ्याच जणांनी तो त्या कृमीचाच काहीतरी चमत्कारिक प्रकार म्हणून सोडून दिला. 2000 मध्ये तसलाच दुसरा, लेट-7, माणसासकट कितीतरी प्राण्यांत जसाच्या तसा सापडला तेव्हा कुठे मंडळींनी मनावर घेतलं, आणि मायक्रोआरएनए शोधणाऱ्या ॲम्ब्रोस-रुव्हकुन जोडीला नोबेल मिळायला 2024 उजाडलं.