मिलान ते पॅरिस: दीड तासाच्या विमानाला आठ तास

रात्रीचे साडेबारा वाजलेत, पाय ठणकतायत आणि डोकं तापलंय. राग निवला की लिहिणं होत नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकतो.

नेटवर 'मिलान-पॅरिस अंतर' शोधलं की उत्तर येतं साधारण ६४० किलोमीटर, विमानाने दीड तास. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त माझं विमान मिलानहून सुटलं नाही आणि पॅरिसला उतरलंही नाही. तिकिटावर 'मिलान बेर्गामो' आणि 'पॅरिस बोव्हे' असं लिहिलेलं होतं, मी पहिलेच शब्द वाचले. बेर्गामोचा विमानतळ मिलानपासून पन्नासेक किलोमीटरवर. बोव्हे पॅरिसच्या उत्तरेला ८५. मुंबईचं तिकीट काढावं आणि लोणावळ्याला उतरवावं, तसंच झालं. गंमत म्हणजे या दोन विमानतळांमधलं अंतर भरतं सुमारे ७१० किलोमीटर, म्हणजे शहरांमधल्या अंतरापेक्षा जास्तच.

दुपारी चारला मिलान सेंत्राले स्टेशनजवळची खोली सोडली. बसने तासाभरात बेर्गामो. भारतीय पासपोर्ट म्हणून व्हिसा दाखवायला काउंटरवर वेगळी रांग. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांमध्ये, सीमेवर तपासणी नसते असं समजून विमानतळावर उशिरा जाऊ नका. मग गेटवर बॅगेचं माप घेणारी ती लोखंडी चौकट. माझी ट्रॉली आत बसली, पण चाकं दोन बोटं बाहेर. बाईंनी चाकांकडे बोट दाखवलं, म्हणाल्या, साठ युरो. तिकीट पंचवीसचं होतं! माझ्या पुढच्या माणसाने तीन जाकिटं एकावर एक चढवली आणि सुटला. तुम्ही मऊ सॅक न्या, चाकांची बॅग अजिबात नको.

विमान वेळेवर. सव्वानऊला बोव्हेत उतरलो आणि खरी परीक्षा पुढेच होती. पॅरिसच्या बसला रांग, वारा बोचरा, पहिली बस डोळ्यांदेखत भरून गेली. टॅक्सीवाल्याला विचारलं तर १८० युरो म्हणाला. हसलो आणि रांगेत परत आलो. पाऊण तास उभा, सव्वा तास बस, पुढे मेट्रो. खोलीत पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

दोन्ही बस, बॅगेचा दंड आणि मेट्रो धरून स्वस्त तिकीट ११५ युरोच्या आसपास गेलं.

माझं स्पष्ट मत: हा मार्ग घेऊ नका. थेट रेल्वेने सुमारे सात तास लागतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दरड कोसळून ती बंद पडली होती, २०२५ च्या मार्चअखेर पुन्हा सुरू झाली. गार द लिऑं स्टेशनला, म्हणजे थेट पॅरिसमध्ये उतरवते. विमानच हवं तर मिलानच्या लिनाटे विमानतळावरून पॅरिसच्या ओर्लीला जाणारं बघा. दोन्हीकडे मेट्रो विमानतळापर्यंत जाते.

मिलानचे तीन दिवस छान गेले. डुओमोचे, म्हणजे तिथल्या मोठ्या कॅथेड्रलचे, फोटो सगळ्यांकडे असतात, माझे वेगळे नाहीत.

परतीचं तिकीटही मी बोव्हेवरूनच काढून बसलोय, सकाळी साडेआठचं. बसवाले सांगतात की विमानाच्या तीन तास आधी निघा, म्हणजे साडेपाचला. पॅरिसची पहिली मेट्रोही साडेपाचच्या सुमारासच सुटते.