इफिससची मधमाशी आणि इफिससच्या पदव्या

ग्रीक नगरराज्यांच्या नाण्यांपैकी कोणत्या एका शहराची नाणी सर्वाधिक आवडतात, असे कोणी विचारले, तर अथेन्सच्या घुबडाची थोरवी मान्य करूनही मी इफिससचे नाव घेईन. आजच्या तुर्कस्तानातील सेल्चुक गावाजवळचे हे शहर मराठी बायबल वाचणाऱ्यांना ‘इफिस’ म्हणून परिचित असते. तेथील नाण्यांवर सुमारे आठशे वर्षे एकाच देवीची, आर्टेमिसची, सत्ता दिसते. मात्र ती दाखवण्याची रीत या काळात पार बदलली.

आर्टेमिसच्या देवळाच्या पायाखाली 1904-05 च्या उत्खननात सोने आणि चांदी यांच्या मिश्रधातूची जी नाणी सापडली, त्यांची गणना जगातील सर्वांत जुन्या नाण्यांत होते. साधारण त्याच काळातील एका प्रसिद्ध नाण्यावर चरणारे हरीण असून त्यावर ‘मी फानेसची खूण आहे’ अशा अर्थाचा ग्रीक मजकूर कोरलेला आहे. हा फानेस कोण, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. हरीण मात्र आर्टेमिसचे, आणि पुढे ते इफिससच्या नाण्यांवर कायमचे वस्तीला आले.

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातील चांदीची चार द्राख्मांची (द्राख्मा हे ग्रीकांचे चलनी एकक) नाणी हा या टाकसाळीचा कळस आहे. सुमारे 15 ग्रॅम वजनाच्या या नाण्याच्या पुढच्या बाजूला पंख पसरलेली एक मधमाशी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना शहराच्या नावाची पहिली दोनच ग्रीक अक्षरे असतात. मागच्या बाजूला मान वळवून पाहणाऱ्या हरणाचा अर्धा देह, खजुराचे झाड आणि त्या वर्षीच्या अधिकाऱ्याचे नाव कोरलेले असते. देवीच्या सेवेत वर्षभर राहणाऱ्या पुरोहितांना इफिससमध्ये ‘एस्सेन’ म्हणत, आणि हाच शब्द मधमाश्यांच्या राजासाठीही वापरला जाई. ग्रीकांच्या समजुतीप्रमाणे पोळ्याची राणी हा राजाच होता. म्हणजे ही माशी केवळ शोभेची नव्हती. देवीचे चित्र नाही, तिचे नावही नाही, आणि तरीही नाणे कोणाचे हे बाजारात कोणाला विचारावे लागत नसे.

अलेक्झांडरचा एक सेनापती लिसिमाखस याने शहराची नव्याने वसाहत करून त्याला आपल्या पत्नीचे, आर्सिनोईचे, नाव दिले, तेव्हा काही काळ तिचा पदर घेतलेला चेहरा नाण्यांवर आला. इसवी सनापूर्वी 281 मध्ये तो युद्धात पडल्यावर ते नाव टिकले नाही.

रोमन अमलात शहराची स्वतःची नाणी प्रामुख्याने तांब्या-काशाची झाली, पुढच्या बाजूला सम्राटाचा मुखवटा आला आणि मधमाशी मागे पडली. तिच्या जागी आर्टेमिसचे देऊळ आणि त्यातील मूर्ती थेट दिसू लागली. देवळाला दर्शनी भागात आठ खांब होते, पण नाण्यांवर कधी चार, तर कधी सहाच दिसतात, कारण कोरणाऱ्या कारागिराला मधले खांब काढून मूर्तीसाठी जागा करायची असे. शिखराच्या त्रिकोणी भागातील दारे-खिडक्याही त्याने कोरून ठेवल्या आहेत, आणि देऊळ जवळजवळ नामशेष झाल्यामुळे त्याचा दर्शनी भाग कल्पिताना अभ्यासकांना या बोटभर चित्रांचा मोठा आधार वाटतो.

चित्राभोवतीचा मजकूर मला त्याहून उद्बोधक वाटतो. सम्राटाच्या पूजेसाठीच्या अधिकृत देवळाची राखण करणाऱ्या शहराला ‘नेओकोरोस’ ही पदवी मिळे, आणि ती किती वेळा मिळाली यावरून इफिसस आणि त्याच भागातील स्मिर्ना व पर्गामम या शहरांत उघड चुरस चाले. इफिससच्या नाण्यांवर आधी ‘दोन वेळा नेओकोरोस’ असे अभिमानाने लिहिलेले दिसते. पुढे सम्राट काराकाल्लाने आपल्या वाट्याचा एक मान देवीला अर्पण केला, तेव्हा ‘तीन वेळा, आणि आर्टेमिसचेही’ अशी नेमकी नोंद नाण्यावर आली. सम्राट एलागाबालसच्या कारकिर्दीत तर ‘सर्वांमध्ये एकटेच चार वेळा’ अशी घोषणा झाली. दोन अक्षरांत भागवणाऱ्या त्या जुन्या टाकसाळीला हा हिशेब बहुधा पोरकट वाटला असता. इ. स. 222 मध्ये एलागाबालसची हत्या होऊन त्याची स्मृती पुसण्यात आली, त्याने दिलेला मानही गेला, आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या सम्राटाच्या काळात इफिससला आपल्या नाण्यांवरची ती चौकडी उतरवावी लागली.