फ्लीटच्या वह्या चाळायला क्यूला

नवऱ्याचं आजोळ जुन्या लंडनचं. १७४० च्या दशकात जन्मलेल्या एका पूर्वजाचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीत सापडला, पण त्याच्या आईवडिलांचं लग्न आसपासच्या एकाही चर्चमध्ये मिळेना. म्हणून लंडनमधल्या क्यू भागातलं राष्ट्रीय अभिलेखागार गाठलं, आरजी ७ ही गुपचूप लावलेल्या लग्नांच्या नोंदवह्यांची मालिका बघायला.

या वह्या मुख्यतः लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या परिसरातल्या. कर्जापायी तिथे अडकलेले पाद्री पैसे घेऊन लग्नं लावत. लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार करायची जाहीर घोषणा नाही, घरच्यांची संमती नाही. पळून आलेले यायचेच, पण साधी, खर्च वाचवणारी जोडपीही येत. लग्न चर्चमध्येच, घोषणा करून किंवा परवाना काढून लावायचं, असा हार्डविकचा कायदा २५ मार्च १७५४ ला लागू झाला आणि हा धंदा बसला.

वाचताना डोकं भणभणतं. अर्धवट नावं, गिचमिड अक्षर, आणि मूल वाटेवर असेल तर लग्नाची तारीख खरीपेक्षा आधीची टाकलेली. न्यायालयंसुद्धा या वह्यांवर सहसा विश्वास ठेवत नसत! आमच्याशी जुळणारी जोडी दोन वह्यांत आहे, वेगवेगळ्या तारखांनी. मी नंतरची धरते. नवऱ्याला आधीची हवी आहे, घराण्याची अब्रू म्हणून.

जाणार असाल तर आधी हे बघा: आरजी ७ च्या प्रतिमा इंटरनेटवर आहेत. घरून बघायला पैसे पडतात, क्यूच्या संगणकांवर वंशावळीची सशुल्क संकेतस्थळं फुकट उघडतात. वाचकपत्र मूळ कागदांसाठीच लागतं. त्याला नावाचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे न्या. पेन आत चालत नाही, पेन्सिल ठेवा.

पूर्वज १७५४ नंतरचे आणि कॅथलिक असतील तर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या वह्या आधी बघा. १८३७ पर्यंत कायदेशीर लग्न तिथेच व्हायचं; सूट फक्त ज्यू आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना होती. लग्नाच्या परवान्याचे कागद मिळाले तर जपून वापरा, परवाना काढला म्हणजे लग्न झालंच असं नाही. १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाल्यावर काम बरंच सोपं होतं, दाखल्यावर दोघांच्या वडिलांची नावं असतात. त्याआधीच्या नोंदीत वधू विधवा असेल तर तिचं आडनाव बहुधा आधीच्या नवऱ्याचं असतं. माहेर हवं असेल तर तिचं पहिलं लग्न हुडका.